सांगून उठणारे मुलाणीकाका

थांबा, बाकीचं सगळं नंतर! आधी हे सांगू द्या, कारण आत्ता नाही लिहिलं तर उद्या ऑफिसचा लॅपटॉप उघडला की राहूनच जाणार, माझं मला माहितीय. झालं असं की आत्ता दहा मिनिटांपूर्वी आईचा फोन आला. "बाबा हल्ली किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरतात, त्यांच्या फोनमध्ये ते मेंदूचे गेम टाकून दे गं." मी लगेच शोधलं. पहिल्याच अ‍ॅपवर चकचकीत अक्षरात लिहिलेलं, रोज खेळा, मेंदू तरुण ठेवा. आणि मला एकदम मुलाणीकाका आठवले. असे आठवले की अ‍ॅप राहिलं बाजूला आणि मी हे टाइप करत बसले.

मी पुण्यात विश्रांतवाडीत राहायचे तेव्हा ते आमच्याच बिल्डिंगमध्ये, खालच्या मजल्यावर. मुलगा इरफान मार्केट यार्डात मसाल्याच्या एका गाळ्यावर मॅनेजर, सून रेश्मावहिनी, आणि नात झोया, तिसरीतली. झोया त्यांना दादा म्हणायची, त्यांच्याकडे आजोबांना तसंच म्हणतात. काकांनी सगळा जन्म शहरातल्या बसवर कंडक्टर म्हणून काढलेला. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण अंगातून बस काही उतरली नव्हती. लिफ्टमध्येसुद्धा पाय फाकवून उभे राहायचे, लिफ्ट आता कचकन ब्रेक मारणार असल्यासारखे. कुठलाही कागद हातात आला, लाइटबिल असो की लग्नपत्रिका, की त्याची उभी घडी घालून दोन बोटांत धरायचे. बोलणं संपलं की "डबल" म्हणायचे, म्हणजे दोन घंट्या, म्हणजे निघा आता. आणि कोणी फार बोलायला लागलं की नुसतं "सिंगल", म्हणजे एक घंटी, म्हणजे थांबा. की समोरचा गप्प.

उंची बेताची, आवाज मात्र मागच्या दारापर्यंत जाणारा.

पार्किंगमध्ये बदामाच्या झाडाखाली एक कट्टा होता. रोज पाच वाजता काका तिथे बसायचे आणि खेळ सुरू व्हायचे. कॅरम, पत्ते, पेपरमधलं शब्दकोडं. पण त्यांचा हुकमी खेळ वेगळाच. कोणीही यायचं आणि दोन ठिकाणं सांगायची. उदाहरणार्थ, विश्रांतवाडी ते मार्केट यार्ड. काका डोळे मिटायचे आणि सुरू! फुलेनगर, येरवडा, बंडगार्डन, स्टेशन, पॉवर हाऊस, नाना पेठ, रामोशी गेट, सेव्हन लव्हज, गुलटेकडी... हे मी फक्त मोठे मोठे सांगतेय हं, ते मधला एकेक बारका स्टॉपही सोडायचे नाहीत. मग उलटे. मग एक सोडून एक. मी मोबाइलवर मॅप उघडून चेक करायचे आणि दर वेळी मॅपच काहीतरी गाळायचा.

"काका, हे कशाला रोज रोज?" मी एकदा विचारलं.

"डोकं चालू ठेवायला. गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते."

ते हसत म्हणाले, आणि मग त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसून म्हणायचे, चला, घरी जाऊया. "मी विचारायचो, भाईजान, पत्ता सांगा. तर बरोब्बर तोच पत्ता सांगायचे. जिथं बसलेत तोच." काकांनी बोटांतला कागद उलटा केला. "मला बाकी काय बी चालेल. तसं नको."

कट्ट्यावर त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी म्हणजे जोगळेकर आजोबा. कॉलेजात गणित शिकवायचे. सुडोकू पेननं सोडवतात, यावरून काय ते समजा. काकांच्या स्टॉपच्या खेळाला सगळे टाळ्या वाजवायचे, जोगळेकर आजोबा कधीच नाही. एकदा काका म्हणालेच, "मास्तर, एखादी टाळी?"

"कशाबद्दल? येतं तेच रोज म्हणून दाखवणं हा व्यायाम नाही हो मुलाणी. ती मिरवणूक आहे."

तेव्हा मला त्यांचा जाम राग आला होता. आता वाटतं, त्या संध्याकाळी सगळ्यात खरं तेच बोलले होते.

आता शनिवारचं सांगते, कारण सगळं घडलं ते शनिवारमुळेच. शनिवारी झोयाची शाळा सकाळची. दुपारी काका तिला घेऊन बसनं मार्केट यार्डला जायचे. तिथे शेवटच्या स्टॉपवर इरफानभाई यायचा, मग तिघं कुठेतरी फालुदा-बिलुदा खाऊन इरफानभाईच्या गाडीतून घरी. बस एवढंच. पण काका गुरुवारपासून शर्टला इस्त्री करून ठेवायचे! खिडकीची सीट झोयाची, ते कडेला. वाटेत ते तिला स्टॉप पाठ करून घ्यायचे, आणि कुठल्या स्टॉपवर काय झालं होतं त्याच्या गोष्टी. येरवड्याला एक कोंबडी कशी हाफ तिकिटावर बसली, वगैरे. झोयानं एकदा मला गंभीरपणे सांगितलं होतं, "दादाच्या सगळ्या गोष्टी खऱ्या असतात. फक्त कोंबडी दर वेळी मोठी होते."

त्या शनिवारी बसमध्ये झोया त्यांना शाळेची डायरी दाखवत होती. बाईंनी चांगला शेरा दिला होता. डायरी काकांच्या हातात. डुलकी लागली होती का, नुसतेच तंद्रीत होते, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही. बस स्टेशनला थांबली. आणि काका उठले, उतरले, आणि सरळ चालू लागले.

कारण नोकरीत असताना स्टेशनला गाडी लागली की कंडक्टरनं उतरायचं, कंट्रोलच्या खिडकीशी जायचं, कागदावर सही घ्यायची, परत यायचं. त्याला ते एन्ट्री म्हणतात. हे त्यांनी दिवसातून इतक्या वेळा, इतकी वर्षं केलेलं की पायांना विचारावं लागत नव्हतं.

पुढचं मला काकांनीच सांगितलं. चौकशीच्या खिडकीत एक तरुण क्लार्क बसला होता. काकांनी हातातला कागद आत सरकवला. तो क्लार्क बघत राहिला आणि म्हणाला, "काका, ही सही पालकांनी करायची असते."

झोयाची डायरी होती ती.

काकांनी मागे वळून बघितलं तेव्हा बस गेलेली.

(हे सांगताना ते हसवायचा प्रयत्न करत होते. मला हसू आलंसुद्धा, आणि पुढच्या सेकंदाला रडायला आलं.)

झोया मात्र ग्रेट. ती रडली नाही. कंडक्टरताईपाशी गेली आणि म्हणाली, "माझे दादा स्टेशनला उतरले. मी मार्केट यार्डला जाते, अजून बरेच स्टॉप आहेत, पप्पा शेवटच्या स्टॉपला येतात. त्यांचा नंबर मला पाठ आहे." त्या ताईंनी तिला शेवटपर्यंत जवळ बसवून घेतलं. इकडे काका रिक्षानं बसच्या मागे. पोचले तेव्हा इरफानभाईच्या कडेवर झोया, आणि इरफानभाईच्या तोंडावर रंग नाही.

घरी आल्यावर रेश्मावहिनी ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणाले. त्यांनी झोयाला न्हाऊ घातलं, जेवायला वाढलं, आणि मग शांतपणे सांगितलं, "अब्बा, शनिवार बंद."

काकांनी मान हलवली. बस. वाद नाही काही नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी मी दूध घेऊन येत होते तर काका इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे. वहिनी झोयाला स्कूटीवर पुढे घेऊन निघाल्या होत्या. झोयानं हात हलवला. काकांनी पण हलवला. स्कूटी वळणावर दिसेनाशी झाली तरी त्यांचा हात तसाच वर.

डॉक्टरांकडे नेऊन आणलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, असं बरंच काही. काकांना बरंचसं आलं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे थोडं आहे, लक्ष ठेवून राहू. खेळ खेळा, चाला, चार माणसांत बसा, सगळं चांगलंच आहे, पण खेळ म्हणजे गोळी नव्हे की घेतली आणि झालं. काकांनी यातलं फक्त 'खेळ खेळा' एवढंच ऐकलं! आणि मग जे सुरू झालं! सकाळी सुडोकू, दुपारी शब्दकोडं, माझ्याकडून फोनमध्ये तीन तीन गेम टाकून घेतले. रंग ओळखा, जोड्या लावा, टिंब जोडा. जेवतानाही चालू. पंधरा दिवसांनी एका संध्याकाळी वहिनी ऑफिसमधून आल्या तर काकांनी त्यांना दारातच गाठलं, आणि विश्रांतवाडी ते मार्केट यार्ड, सगळे स्टॉप, उलटे, एका दमात. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. शेवटचा स्टॉप म्हणून झाला आणि ते थांबले. परीक्षा दिलेल्या मुलासारखे.

वहिनींनी खांद्यावरची पर्स काढून ठेवली. "अब्बा, स्टॉप तुम्हाला पाठ आहेत हो. कायमच होते. झोया शेजारी बसलीय, ते त्या दिवशी लक्षात नव्हतं."

त्यानंतर दोन दिवस काका कट्ट्यावर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते थेट जोगळेकर आजोबांसमोर बसले. "मास्तर, तुमचं खरं होतं. मी मिरवणूक काढत होतो."

जोगळेकर आजोबांना एवढं सरळ बोलणं कोणी ऐकवत नाही. ते गडबडले. "नाही, म्हणजे, तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हणायचं होतं. ऐका आता. माझं डोकं ठीक आहे. डोक्याच्या आधी पाय उठतात, ती भानगड आहे. तर खेळ पायांचा पाहिजे."

आणि तो खेळ त्यांनी तिथेच काढला, झोयाला शेजारी बसवून. नियम साधा. बसलेल्या माणसानं उठायच्या आधी मोठ्यांदा सांगायचं. मी कोण, बरोबर कोण, आहे कुठे, आणि उठतोय कशासाठी. चारही गोष्टी सांगायच्या, मगच उठायचं. न सांगता उठला की आउट. आणि चेकर झोया.

ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा! पहिल्या दिवशी काका अर्ध्या तासात सात वेळा आउट झाले. चप्पल सरकवायला उठले, आउट. कोणी हाक मारली म्हणून उठले, आउट. झोया कणभर दयामाया दाखवायची नाही. ज्या माणसाला कट्ट्यावर कोणी कधी हरवलं नव्हतं तो रोज आठ वर्षांच्या पोरीकडून हरत होता, आणि रोज पाच वाजता परत येत होता. एकदा जोगळेकर आजोबा म्हणाले, "मुलाणी, आज जरा जास्तच चुकताय." तर काका म्हणाले, "चुकतोय म्हणजे शिकतोय. नाहीतर मिरवणूक नसती का झाली?"

मग अख्खी बिल्डिंग खेळायला लागली. म्हणजे लागलीच, कारण झोया कोणालाही पकडायची. मी एकदा व्हिडिओ कॉलवर सगळ्या टीमसमोर म्हणाले, "मी केतकी, एकटीच आहे, किचनच्या टेबलाशी आहे, उठतेय, कुकर बंद करायला." माझ्या मॅनेजरनं विचारलं, सगळं ठीक आहे ना? आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये, पाण्याच्या टाकीवरून दीड तास भांडण चाललेलं असताना, जोगळेकर आजोबा खणखणीत आवाजात, "मी जोगळेकर. तुम्हा सर्वांबरोबर आहे, नाइलाजानं. क्लबहाउसमध्ये आहे. उठतोय, कारण आयुष्य थोडं उरलंय." आणि गेले निघून! झोयानं टाळ्या वाजवल्या.

दोनेक महिन्यांत काकांचं आउट होणं कमी झालं. बंद नाही झालं, हे मुद्दाम सांगते. काही दिवस वाईट असायचे. एकदा मला त्यांनी तीन वेळा विचारलं की मी नोकरी कुठे करते. पण उठायच्या आधी त्यांचा हात आता आपोआप गुडघ्यावर थांबायचा, आणि तोंड उघडायचं. मग एक दिवस ते वहिनींना म्हणाले, "एक फेरी. एकच. नाही जमलं तर परत नाव काढणार नाही."

वहिनी रात्रभर विचार करून मला म्हणाल्या, "केतकी, तू जाशील? मागच्या सीटवर बस. तोंडाला स्कार्फ बांध, ओळखणार नाहीत. काही झालंच तर तू आहेस. आणि मला खरं सांगायचं, काय झालं ते. त्यांची लाडकी आहेस म्हणून गोड गोड नको."

पुण्यात स्कार्फ बांधलेली मुलगी म्हणजे अदृश्यच! मी दोन सीट मागे बसले. झोया खिडकीशी, काका कडेला. येरवडा गेलं, बंडगार्डन गेलं. काका कोंबडीची गोष्ट सांगत होते, कोंबडी चांगलीच मोठी झाली होती. बस गच्च भरलेली. आणि आलं स्टेशन.

बस थांबली. दार उघडलं. काका बोलता बोलता थांबले. त्यांचा हात पुढच्या सीटच्या दांड्यावर गेला. मी बघतेय, गुडघे सरळ व्हायला लागले. मी अर्धी उठले.

आणि काका त्यांच्या त्या मागच्या दारापर्यंतच्या आवाजात म्हणाले, "मी मुलाणी. झोयाबरोबर आहे. स्टेशनला आहे. उठतोय..."

आणि थांबले. अर्धवट वाकलेले, तसेच.

"कशासाठी?" झोयानं विचारलं.

सगळी बस बघायला लागली. काका विचार करत होते. खरंच करत होते, चेहऱ्यावर दिसत होतं. "एन्ट्री करायला," ते म्हणाले.

"कोणाची एन्ट्री, दादा?"

लोक चढत होते, उतरत होते. काकांनी खिडकीतून बाहेर बघितलं, मग झोयाकडे बघितलं.

"कोणाचीच नाही," ते म्हणाले.

शेजारी उभा असलेला एक माणूस वैतागून म्हणाला, "आजोबा, तुम्ही उठताय का बसताय? उठत असाल तर मी बसतो."

"बसतोय," काका म्हणाले. "तुम्ही उभे राहा."

घंटा वाजली, दोन वेळा, आणि बस निघाली. मी स्कार्फच्या आत रडत होते, आणि शेजारच्या बाई विचारत होत्या, धूळ जातेय का डोळ्यात, खिडकी लावू का.

संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. त्या ओट्याशी लसूण सोलत होत्या. खोटं सांगायचा मोह झाला, खरं सांगते. स्टेशनचं गाळून टाकावं, काही झालंच नाही म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण सांगितलं सगळं. शब्दन् शब्द.

वहिनींनी हातातली पाकळी सोलून ठेवली. "म्हणजे उठत होतेच."

"हो."

"आणि झोयानं विचारलं नसतं तर?"

"माहीत नाही, वहिनी. पण तिनं विचारावं म्हणूनच ते मोठ्यांदा बोलले ना."

त्यांनी दोन पाकळ्या आणखी सोलल्या. हात धुतले. मग आत बघून आवाज दिला, "झोया, पुढच्या शनिवारपासून शाळेतून आल्या आल्या जेवायचं हं, टाइमपास नाही. बस चुकते मग."

आतल्या खोलीत काकांचा टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

मग सहा-सात महिन्यांनी मी वाघोलीला शिफ्ट झाले. सामान टेम्पोत, मी ड्रायव्हरशेजारी मांडीवर तुळशीची कुंडी घेऊन. शनिवारच होता. सकाळी निरोप घ्यायला गेले होते तर काकांना माझं नाव पटकन आठवलं नाही. "ती आपली, कुकरवाली," असं म्हणाले, आणि मग दोघंही खूप हसलो. चौकात सिग्नलला टेम्पो थांबला आणि शेजारी बस येऊन उभी राहिली, आणि त्यात ते दोघं! झोया खिडकीशी, काका कडेला. काच बंद होती. काका काहीतरी बोलत होते, मोठ्यांदाच असणार, कारण पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून बघत होती. झोया मान डोलवत होती. मी हात हलवला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात मला दिसलं. झोयाच्या दप्तराचा पट्टा काकांनी स्वतःच्या मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळला होता, आणि दप्तर होतं तिच्या पाठीवर. उठले तरी तिच्याशिवाय उठता येणार नाही, असा.

सिग्नल सुटला. बस डावीकडे गेली.

आता मला सांगा ना, तुमच्या घरात, शेजारी, बिल्डिंगमध्ये आहे का कोणी असं? ज्यांचे पाय डोक्याच्या आधी उठतात? आणि त्यांच्यासाठी तुम्ही काय खेळ काढलात? की त्यांनीच काढला आणि तुम्ही नुसते खेळत राहिलात, माझ्यासारखे?